मीटरमामा गाडीखाली गेला

आपल्याला गाडीखाली शिरायची भीती वाटते, हे गुपित मीटरमामाने चार वर्षं सांभाळलं होतं. बायको सोडली तर कुणाला त्याचा पत्ता नव्हता, आणि बायकोनेही तो विषय कधी काढला नव्हता.

तो गाड्यांचा वायरमन. वय पन्नाशीच्या पलीकडे, अंगाने सडसडीत, केस कानांपाशी पांढरे. शर्टाच्या खिशात कायम मीटर आणि त्याच्या लाल-काळ्या वायरी गळ्यात लोंबकळत, म्हणून हे नाव पडलं. मीटर लावल्याशिवाय त्याचा कशावर विश्वास बसायचा नाही. घरातलं घड्याळ बंद पडलं तरी सेल बदलण्याआधी हा मीटर लावून बघणार. शेजारचा टायरवाला म्हणायचा, "याने लग्नाआधी वहिनींनासुद्धा मीटर लावून बघितला असेल."

दुकान एका शटरचं. भिंतीवर रंगांप्रमाणे वायरींची वेटोळी टांगलेली, कोपऱ्यात बॅटऱ्या, एक लांबट बाक आणि शटरसमोर एक गाडी जेमतेम उभी राहील एवढी सिमेंटची जागा. चार वर्षांपूर्वी तो एका मोठ्या गॅरेजमध्ये नोकरीला होता. एका दुपारी तो गाडीखाली आडवा पडून स्टार्टर काढत असताना जॅक सरकला आणि गाडी खाली बसली. एक आडवी लोखंडी पट्टी त्याच्या छातीवर आली. मान एका बाजूला वळलेली होती म्हणून डोकं वाचलं. ओरडायला छातीत हवाच शिरत नव्हती. बाहेर रेडिओ चालू होता, लोक बोलत होते, हसत होते, आणि त्याला त्यांचे बूट दिसत होते. शेवटी कुणीतरी पाना मागायला वाकलं. दोन बरगड्या आणि गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणाला, थोडक्यात निभावलं.

हाडं जुळली, पण बाकीचं काही जुळलं नाही. पांघरूण तोंडावर आलं की तो दचकून उठून बसायचा. पलंगाखाली गेलेली चप्पल काढायची असेल तर काठी शोधायचा. बायकोने एक दिवस न बोलता त्याची झोपायची जागा दाराशेजारी हलवली. त्याने नोकरी सोडून हे दुकान टाकलं आणि सांगून टाकलं, की मी फक्त वरचं काम करणार. दिवे, बॅटरी, हॉर्न, डायनामो. कुणी खालचं काम काढलंच तर कंबरेवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "कंबर गेलीय हो माझी." कंबरेचा एक पट्टासुद्धा त्याने आणून खिळ्याला टांगून ठेवला होता.

असं बरं चाललं होतं. मग नर्सबाईंची गाडी आली.

नर्सबाई जवळच्याच प्रसूतिगृहात होत्या. उंच, चालीत घाई, आवाज मात्र संथ. ज्या बाळंतिणींना घरी न्यायला कुणाकडे वाहन नसे, त्यांना त्या आपल्या जुन्या करड्या गाडीतून पोचवत. एका सकाळी त्यांचा निरोप आला, गाडी प्रसूतिगृहाच्या फाटकात बंद पडलीय, सुरूच होत नाही. मामा चालतच गेला. फ्यूजची पेटी उघडली तर एक फ्यूज उडालेला. नवीन टाकला आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. त्याने गाडीतले दोष वाचणारा स्कॅनर जोडला. पडद्यावर एकच दोष होता, मागच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट.

हा सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला असतो आणि धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवतो. गार असताना त्याला काहीच कळत नाही, म्हणून त्याच्या पोटात एक इवलासा हीटर असतो. पुढचा सेन्सर बॉनेट उघडलं की दिसतो. मागचा गाडीच्या पोटाखाली असतो. आणि या गाडीत त्या हीटरला आणि इंजिनात पेट्रोल सोडणाऱ्या भागांना वीज एकाच फ्यूजमधून जात होती. हीटरची वायर कुठे उघडी पडून लोखंडाला लागली की फ्यूज उडणार, आणि गाडी जिथे असेल तिथे मरणार.

मामाला हे सगळं ठाऊक होतं. फ्यूज आपणहून उडत नाही हेही ठाऊक होतं. "पुलाचा चढ चढून आले आणि इथे बंद पडली," असं नर्सबाईंनी सांगितलं, तेव्हा तो गाडीशेजारी उकिडवा बसला आणि मान वाकवून त्याने खाली बघितलं. आत काळोख होता. तापलेल्या लोखंडाचा आणि तेलाचा वास आला. त्याच्या कानात दडे बसल्यासारखं झालं. तो उठला, हात पुसले आणि म्हणाला, "फ्यूज जुना झाला होता, सिस्टर. बदललाय."

त्या बिचाऱ्या आभार मानून निघून गेल्या.

त्यानंतरचे तीन आठवडे ती गाडी रस्त्यात दिसली की मामाच्या हातातलं काम थांबायचं. गाडी व्यवस्थित चालत होती. कदाचित फ्यूज खरंच जुना असेल, असं तो मनाशी म्हणायचा आणि आपणच आपल्याला फसवतोय हे कळून गप्प बसायचा. दोनदा तो प्रसूतिगृहाच्या फाटकापर्यंत गेला आणि तसाच परत आला.

तेविसाव्या दिवशी सकाळी ती गाडी एका टेम्पोला दोर बांधून ओढत त्याच्या दुकानासमोर आली. मागचा बंपर एका बाजूला चेपलेला होता. नर्सबाई उतरल्या. त्यांच्या उजव्या मनगटाला पट्टी होती.

"काल संध्याकाळी टेकडीच्या चढावर बंद पडली," त्या म्हणाल्या. "मागे बाळंतीण होती, मांडीवर एका दिवसाचं बाळ. अर्ध्या चढावर इंजिन गेलं. काही खडखड नाही, धूर नाही. दिवा विझावा तसं. ब्रेक दाबला तर दगडासारखा घट्ट. गाडी मागे जायला लागली आणि मागून खडीचा ट्रक येत होता. मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला आणि गाडी कडेच्या कठड्यावर घातली."

मामाची नजर मागच्या सीटकडे गेली. त्याने विचारलं, "बाळ?"

"बाळ झोपेतच होतं. आई रात्रभर जागी होती." त्या थांबल्या. "मामा, तुम्ही त्या दिवशी सगळं बघितलं होतं ना?"

"हो," मामा म्हणाला.

 तो बॉनेट उघडून आत वाकला, तोंड लपवायला तेवढीच जागा होती. तोच फ्यूज उडालेला होता.

टायरवाला हवेची नळी खांद्यावर टाकून बघायला आला. "दहा अँपिअरचा फ्यूज आहे ना? वीसचा टाक. परत उडायचं नावच घेणार नाही."

"मग फ्यूजच्या ऐवजी वायर जळेल," मामा म्हणाला. "पेट्रोलच्या पाइपाला चिकटून जाते ती."

हे बोलताना त्याचा स्वत:चाच आवाज त्याला परका वाटला. मनात दुसरंच चाललं होतं. सांगून टाकावं की कंबर गेलीय, मोठ्या गॅरेजमध्ये न्या. पण तिथे काय होणार हे त्याला दिसत होतं. कुणीतरी स्कॅनर लावणार, हीटरचा दोष वाचणार आणि धडधाकट सेन्सर काढून नवा बसवणार. उघडी वायर तशीच राहणार. पंधरा दिवसांनी या बाई पुन्हा कुणाला तरी मागे बसवून चढ चढतील, आणि तेव्हा ट्रक थोडा जवळ असेल.

त्याने बॉनेटची कड घट्ट धरली. "सिस्टर," तो म्हणाला, "मी खोटं बोललो. त्या दिवशी मी खाली बघितलंच नव्हतं."

 टायरवाल्याने नळी खांद्यावरून खाली घेतली.

"फ्यूज उगाच उडत नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं. पण मला गाडीखाली जाता येत नाही. कंबर वगैरे काही नाही. चार वर्षांपूर्वी मी गाडीखाली सापडलो होतो. तेव्हापासून जमत नाही."

"हे त्या दिवशी सांगितलं असतंत तर मी दुसऱ्या कुणाकडे गेले असते," नर्सबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण ओठ पांढरे पडले होते. "काल मला वाटलं, आपण तिघीही गेलो. त्या बाईला मुलगी झालीय. नाव ठेवायचंय अजून."

"हो," मामा म्हणाला. 

नर्सबाईंनी गाडीच्या पोटाकडे बोट दाखवून विचारलं, "आता जाल खाली?"

"बघतो."

"बघतो म्हणजे?"

"जातो."

त्याने टायरवाल्याकडून चार लोखंडी स्टँड मागितले. गाडी उचलून चारही कोपऱ्यांना स्टँड लावले. दोन्ही बाजूंना जुनी चाकं आडवी सरकवली, त्यांच्यावर लाकडी ठोकळे रचले. मग त्याने गाडीला एका बाजूने धक्का दिला, दुसऱ्या बाजूने दिला, पुढून दिला. गाडी तसूभर हलली नाही. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"आता वरून हत्ती नाचला तरी पडायची नाही," टायरवाला म्हणाला. त्याच्या बोलण्यात एरवीची टवाळी नव्हती.

उडालेल्या फ्यूजच्या जागी मामाने दोन लांब वायरी जोडल्या आणि त्यांच्या टोकाला हेडलाइटचा एक बल्ब लावून तो जमिनीवर ठेवला. नर्सबाईंना म्हणाला, "चावी चालू केली की हा मंद पेटेल. वायर लोखंडाला लागली की लख्ख उजळेल. मी खाली एकेक जागा हलवत जाईन. उजळला की सांगायचं." मग तो जमिनीवर आडवा झाला आणि पाठीवर सरकत आत शिरला.

छातीपर्यंत गेला. नाकासमोर वीतभर अंतरावर काळं लोखंड आलं. त्याला रेडिओ ऐकू आला. रेडिओ कुठेच लागलेला नव्हता, तरी ऐकू आला. छातीवर तीच पट्टी बसली, श्वास घशात अडकला, आणि काय झालं हे कळायच्या आत तो बाहेर होता. कपाळ कडेला आपटून खोक पडली होती. तो भिंतीला टेकून धापा टाकत बसला. टायरवाल्याने दिलेलं पाणी निम्मं शर्टावर सांडलं. त्याला लाज वाटायलाही उसंत नव्हती. मरणाची भीती वाटत होती आणि गाडी तर स्टँडवर निमूट उभी होती.

नर्सबाईंनी त्याच्या कपाळावर कापसाचा बोळा दाबला. "तुम्ही श्वास नुसता आत घेताय," त्या म्हणाल्या. "बाहेर सोडत नाही. आधी सगळा बाहेर सोडा. पोट रिकामं होईपर्यंत. आत आपोआप येईल."

"तुम्ही हे बाळंतिणींना सांगता."

"त्यांनाही असंच वाटतं, की आता संपलं. चला." त्या त्याच्या पायांशी जमिनीवर बसल्या, बल्ब समोर ओढला आणि डाव्या हाताने त्याचा घोटा धरला. "मी इथे आहे. टायरवाले तिथे आहेत. आम्ही कुणीही कुठे जात नाही. मी विचारलं की उत्तर द्यायचं."

यावेळी तो डोळे मिटून आत गेला. डोळे उघडले तेव्हा पाइप त्याच्या डोक्यावर होता. घोट्याभोवती बोटांची पकड होती, तिच्यावर त्याने सगळा जीव गोळा केला.

"मामा?"

"आहे."

"सोडा श्वास."

त्याने सोडला. हातातल्या टॉर्चचा उजेड पुढून मागे फिरवत नेला. मागच्या सेन्सरपासून निघालेली वायर गाडीच्या तळाला क्लिपांनी धरून ठेवलेली असते. त्यातली मधली क्लिप तुटलेली होती. वायर सैल होऊन खाली लोंबत होती आणि पाइपाची उष्णता अडवायला लावलेल्या पत्र्याच्या धारेवर टेकली होती. त्याने हलकेच पाइप ढकलला.

"उजळला," नर्सबाई म्हणाल्या.

त्याने हात काढला.

"मंद झाला."

पुन्हा ढकलला. "उजळला," त्या म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचाच आवाज कापला.

मामाला सगळा प्रकार डोळ्यांपुढे दिसला. सपाट रस्त्यावर काही नाही. चढावर इंजिन जोर लावतं, जोर लावताना हलतं, त्याच्यामागे पाइप हलतो, पत्र्याची धार वायरीला कापते. महिनोन् महिने आवरण कापत आली होती. आता आत तांबं चकाकत होतं, नखाएवढं. एवढ्याशा उघड्या तांब्याने तिघींचा जीव टांगणीला लावला होता, आणि ते बघायला त्याला तीन आठवड्यांपूर्वी फक्त एवढंच करायचं होतं.

चावी बंद करायला सांगून त्याने सेन्सरची जोडणी सोडवली आणि हीटरला मीटर लावला. नऊ ओहम. हीटर ठणठणीत होता. बदलायचं असं काहीच नव्हतं. कापलेला तुकडा काढायचा, नवी वायर झाळून जोडायची, वर उष्णता सोसणारी नळी चढवायची आणि सगळं पत्र्यापासून लांब नव्या क्लिपेत बसवायचं. उभ्याने दहा मिनिटांचं काम. त्याला चाळीस मिनिटं लागली. मध्येच रस्त्यावरून एक अवजड ट्रक गेला, जमीन थरथरली, स्टँड किणकिणले. मामाच्या हातून कात्री पडली. तो ओरडला नाही, पण पाय ताठ झाले.

"ट्रक होता," नर्सबाई म्हणाल्या. "गेला. गाडी हलली नाही. मी बघत होते."

"नक्की?"

"नक्की."

"अजून कोण आहे तिथे?"

"मी आहे रे," टायरवाला म्हणाला. "गिऱ्हाईक परत पाठवलंय."

तो बाहेर आला तेव्हा पाठीला शर्ट चिकटला होता आणि खालचा ओठ दातांखाली फुटला होता.  त्याने चावी पुन्हा चालू करायला लावली आणि पाइप हातभर लांबीच्या दांड्याने जोरात हलवून बघायला टायरवाल्याला सांगितलं. बल्ब मंदच राहिला. मग बल्ब काढून दहाचाच फ्यूज बसवला, स्कॅनरमधला दोष पुसला, गाडी खाली उतरवली.

"आता टेकडीचा चढ," नर्सबाई म्हणाल्या.

त्याला वाटलं होतं की भीती संपली. चढाच्या पायथ्याशी ती पुन्हा आली, वेगळी होऊन. आता तो मागच्या सीटवर बसला होता, जिथे ती बाळंतीण बसली होती. मांडीवर स्कॅनर. गाडी चढायला लागली तसा इंजिनाचा आवाज दाटला. त्याचे कान त्या आवाजावर आणि नजर मागच्या काचेवर. दोन वळणं गेली. कठड्यावर गाडीचा करडा रंग घासून लागला होता ती जागा आली. नर्सबाईंनी तिकडे बघितलं नाही, पण स्टिअरिंगवरची त्यांची बोटं पांढरी झाली. त्यांचाही श्वास अडकलाय हे मामाच्या लक्षात आलं.

"सिस्टर, सोडा श्वास," तो म्हणाला.

त्यांनी सोडला. गाडी वर पोचली. त्यांनी ती वळवून खाली आणली आणि पुन्हा चढवली, मग तिसऱ्यांदा. स्कॅनरवर दोष आला नाही.

वर एका रिकाम्या जागी गाडी थांबवून दोघं उतरली. मामा म्हणाला, "त्या बाईंच्या घरी येऊ का मी? माझी चूक होती हे सांगायला."

"ती बाळंतीण आहे, मामा. तिला झोपू द्या. तुमचं मन हलकं करायला तिला उठवू नका." मग गाडीचं दार उघडत म्हणाल्या, "मला राग आहे अजून. जाईल हळूहळू. पण पुढच्या वेळीही गाडी तुमच्याकडेच आणीन."

घरी बायकोने कपाळावरची खोक बघितली आणि काय झालं ते विचारलं. त्याने सगळं सांगितलं, पहिल्या खोट्यापासून. ऐकता ऐकता ती त्याच्याजवळ सरकून बसली. म्हणाली, "मी नुसती जागा बदलून गप्प बसले. बोलायला हवं होतं तुमच्याशी." 

मामाची भीती गेली नाही. आजही गाडीखाली शिरताना त्याच्या तळहातांना घाम येतो. एखाद्या दिवशी जमतं, एखाद्या दिवशी अजिबात जमत नाही. पण कंबरेचं सोंग त्याने सोडलं. जमत नसेल त्या दिवशी तो एका चिठ्ठीवर दोष कुठे असेल, कुठली वायर कशी तपासायची, हे सगळं नीट लिहून देतो आणि गिऱ्हाइकाला मोठ्या गॅरेजकडे पाठवतो. जमणार असेल तर आधीच सांगतो, की मला खाली भीती वाटते, शेजारी कुणीतरी बसून बोलत राहावं लागतं.

हे पहिल्यांदा ज्याला सांगितलं तो एक धिप्पाड टेम्पोवाला होता. मामा मान खाली घालून वाट बघत राहिला, आता हा हसणार. टेम्पोवाल्याने बाजूचं स्टूल ओढलं.

"काय बोलायचं?" त्याने विचारलं.

"काहीही," मामा म्हणाला आणि आडवा झाला.